इंग्लंडमधली १५०० ते १७०० ची पुस्तकं : धर्म, गावोगावचा इतिहास आणि 'नॅचरल फिलॉसॉफी' (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुनी इंग्रजी पुस्तकं हौसेने वाचणारे, त्यांवर प्रबंध लिहिणारे आणि माळ्यावर अचानक एखादं जाडजूड बायबल सापडलेले, अशा तिन्ही प्रकारच्या मंडळींकडून तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'अर्ली मॉडर्न' म्हणजे नेमका कोणता काळ? शेक्सपियरचा का?

ढोबळमानाने १५०० ते १७००. शेक्सपियर (१५६४–१६१६) त्याच्या मधोमध येतो. छपाईच्या अंगाने बघायचं तर १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तिथून सुरुवात धरावी आणि १६९५ मध्ये छपाईपूर्व परवान्याचा कायदा संपला तिथे थांबावं, असं मला वाटतं. आपल्याकडच्या मापाने एकनाथांपासून राजाराम महाराजांपर्यंत.

२. धर्म, स्थानिक इतिहास आणि निसर्गाचा अभ्यास हे तीन वेगळे विषय आहेत. ते एकाच गाठोड्यात का बांधता?

कारण लिहिणाऱ्यांनीच ते वेगळे ठेवले नव्हते. वेगळी कपाटं आपली, नंतरची.

रॉबर्ट प्लॉटचं १६७७ चं 'द नॅचरल हिस्टरी ऑफ ऑक्सफर्डशर' घ्या. एका परगण्याचं पाणी, माती, दगड, झाडं, माणसं, जुने अवशेष असं सगळं त्यात आहे. कॉर्नवेल गावाजवळच्या एका खाणीतून निघालेलं एक दगड झालेलं हाड प्लॉटच्या हाती आलं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक. त्याने ते मापलं: जाड टोकाचा घेर दोन फूट, वजन जवळजवळ २० पौंड. एवढं मोठं हाड कुणाचं? त्याचा पहिला तर्क असा की रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये आणलेल्या हत्तीचं असावं. म्हणजे आधी इतिहास. मग योगायोग असा की १६७६ मध्ये ऑक्सफर्डला खराखुरा हत्ती खेळासाठी आला. प्लॉटने त्याच्याशी ताडून पाहिलं, जुळेना. म्हणजे निरीक्षण. मग राहिलं काय? गल्याथासारखी राक्षसी उंचीची माणसं पूर्वी होऊन गेली याला बायबलचाच दाखला आहे, तेव्हा हाड एखाद्या अजस्र पुरुषाचं किंवा स्त्रीचं असणार. म्हणजे धर्मग्रंथ.

मोजपट्टी, रोमन इतिहास आणि बायबल, तिन्ही मोजक्या पानांत एका हाडाभोवती बसले आहेत. ग्रंथपालाने हे पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं? हाडाचं पुढे काय झालं ते प्रश्न १५ मध्ये.

३. 'नॅचरल फिलॉसॉफी' म्हणजे विज्ञानच ना? मग सरळ विज्ञान का म्हणत नाही?

म्हणायला हरकत नाही, पण मग वाचताना गफलत होते. 'सायंटिस्ट' हा शब्दच १८३०च्या दशकात विल्यम ह्यूएलने घडवला. त्याआधीच्या या मंडळींना सृष्टीचं कार्यकारण शोधायचं होतं आणि सृष्टीचा कर्ता त्या शोधाबाहेर नव्हता. रॉबर्ट बॉइलने १६६१ मध्ये 'द स्केप्टिकल किमिस्ट' लिहून जुन्या किमयागारांच्या मूलतत्त्वांच्या कल्पना खिळखिळ्या केल्या. तोच बॉइल ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर होता आणि त्याच्याच पैशातून शुभवर्तमानांचं मलय भाषांतर १६७७ मध्ये ऑक्सफर्डला छापलं गेलं. जॉन रे हा अव्वल दर्जाचा वनस्पतीशास्त्रज्ञ, पण त्याचं सगळ्यात खपलेलं पुस्तक ईश्वराचं शहाणपण सृष्टीत कसं दिसतं यावर आहे (१६९१). जोसेफ ग्लॅनव्हिल रॉयल सोसायटीचा, म्हणजे निसर्गाचा प्रयोगांनी अभ्यास करणाऱ्यांच्या लंडनमधल्या संस्थेचा, सभासद होता आणि चेटकिणी खऱ्या असतात हे साक्षीपुराव्यांनिशी सिद्ध करू पाहत होता.

ही माणसं 'अर्धवट वैज्ञानिक' होती असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला ते आळशी वाटतं.

४. जग इ.स.पू. ४००४ मध्ये निर्माण झालं असं बायबलमध्ये लिहिलं आहे का?

नाही. हा हिशेब आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याचा. १६५० मध्ये लॅटिनमध्ये आणि १६५८ मध्ये इंग्रजीत छापलेल्या त्याच्या ग्रंथात तो येतो: इ.स.पू. ४००४, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी. बायबलमधल्या वंशावळी बाबिलोन आणि इराणच्या राजांच्या कालगणनेशी जोडून त्याने तो मांडला. १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात अशा सनावळ्या छापल्या जाऊ लागल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना समासच मूळ मजकूर वाटू लागला. समासातल्या टिपेची पोथीत भर पडते हा अनुभव आपल्याला नवा नाही.

५. पुस्तकं इंग्रजीत होती की लॅटिनमध्ये?

दोन्हींत. निवड वाचकावर ठरे. युरोपभरच्या पंडितांनी वाचावं असं वाटलं की लॅटिन: गिल्बर्टचं लोहचुंबकावरचं पुस्तक (१६००), कॅम्डनचं 'ब्रिटानिया' (१५८६), न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' (१६८७). घरच्या वाचकासाठी इंग्रजी. 'ब्रिटानिया' इंग्रजीत यायला १६१० उजाडलं, फिलेमन हॉलंडच्या भाषांतरामुळे. न्यूटनने 'ऑप्टिक्स' मात्र १७०४ मध्ये थेट इंग्रजीत काढलं. धर्मात भाषेचा प्रश्न जिवावरचा होता. विल्यम टिंडलचा इंग्रजी नवा करार इंग्लंडमध्ये छापणं शक्यच नव्हतं. तो १५२६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्समध्ये छापून चोरून आणावा लागला, आणि दहा वर्षांनी टिंडलला ठार मारण्यात आलं. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १५३८ मध्ये, प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवा असा हुकूम निघाला.

६. स्कॅन उघडला, पण वाचताच येत नाही. 'एस'च्या जागी 'एफ' का छापला आहे?

तो 'एफ' नाही, लांब 'एस' आहे. नीट पाहा: 'एफ'ची आडवी रेघ दांडीच्या आरपार जाते, लांब 'एस'ची एकतर नसते किंवा डाव्या बाजूला नुसतं टोक असतं. तो शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येतो. शेवटी आपला नेहमीचा 'एस'. म्हणून पाप या अर्थाचा 'सिन' नवख्याला माशाच्या परासारखा 'फिन' दिसतो.

आणखी तीन खोड्या. 'यू' आणि 'व्ही' तेव्हा एकाच अक्षराची दोन रूपं होती: शब्दाच्या आरंभी 'व्ही', मध्ये 'यू', उच्चार काहीही असो. 'आय' आणि 'जे'चंही तेच. 'वाय'च्या डोक्यावर बारीक 'ई' दिसली तर तो 'ये' नव्हे, 'द'. आणि 'ए'वर आडवी रेघ असेल तर पुढचा 'एन' किंवा 'एम' गिळला आहे, आपल्या अनुस्वारासारखा.

मोडी शिकलेल्यांना हे आठवड्याभरात जमतं. डोळ्यांना वळण लागेपर्यंत रोज एक पान मोठ्याने वाचा. काळ्या, टोकदार 'ब्लॅकलेटर' टाइपात छापलेली पुस्तकं त्यानंतर हातात घ्या.

७. एकाच घटनेची दोन सालं का दिसतात? '१६६४/५' ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च हे दिवस कागदोपत्री जुन्या वर्षात आणि लोकांच्या बोलण्यात नव्या वर्षात. म्हणून दोन्ही सालं लिहीत. शके आणि इसवी सन जुळवताना आपण ७८ मिळवायचे की ७९ हे महिना बघून ठरवतो, तसलाच प्रकार.

रॉबर्ट हुकच्या 'मायक्रोग्राफिया' या सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंवरच्या सचित्र पुस्तकाच्या शीर्षकपानावर १६६५ आहे. सॅम्युएल पेपिसने ते जानेवारीत घरी आणलं आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचलं, असं त्याची रोजनिशी सांगते. कायद्याच्या हिशेबाने तेव्हा १६६४च चालू होतं. नियम एवढाच: शीर्षकपानावरचं साल बहुधा जानेवारीपासूनचं, पण पत्रं, दफ्तरं, चर्चच्या नोंदवह्या २५ मार्चपासूनच्या. शिवाय इंग्लंडची तारीख सतराव्या शतकात पोर्तुगालपेक्षा, म्हणजे गोव्यापेक्षाही, दहा दिवस मागे होती. मुंबईकर इंग्रजांची पत्रं आणि गोव्याची कागदपत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी हे विसरू नये.

८. पुस्तक छापायला परवानगी लागायची का? 'इम्प्रिमाटर' म्हणजे काय?

लागायची. 'इम्प्रिमाटर' म्हणजे लॅटिनमध्ये 'छापलं जावो'. १५५७ मध्ये स्टेशनर्स कंपनी या लंडनच्या पुस्तक व्यावसायिकांच्या संघाला सनद मिळाली. १५८६ च्या फर्मानाने छापखाने लंडनपुरते राहिले, बाहेर फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. १६४१ मध्ये छपाईवर अंकुश ठेवणारं स्टार चेंबर हे न्यायालय बरखास्त झालं आणि पत्रकांचा पूर आला. जॉर्ज थॉमसन नावाच्या पुस्तक विक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात असे २२ हजारांच्या आसपास छापील जिन्नस जमवले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांवर मिळाल्याची तारीख हाताने लिहून ठेवली. तो सगळा ढीग आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. १६६२ मध्ये परवाने परत आले, १६९५ मध्ये कायमचे गेले.

'प्रिन्सिपिया'च्या शीर्षकपानावर परवानगी देणाऱ्याचं नाव आहे एस. पेपिस, तारीख ५ जुलै १६८६. हा मागच्या उत्तरातला रात्री जागणारा पेपिसच, तेव्हा रॉयल सोसायटीचा अध्यक्ष.

९. मग पैसे कोण घालायचं? लेखकाला काही मिळायचं का?

बहुधा पुस्तक विक्रेता पैसे घाली आणि लेखकाला एकरकमी थोडं काही किंवा नुसत्या प्रती देई. हक्क विक्रेत्याचा. मोठ्या सचित्र ग्रंथांना आश्रयदाते शोधावे लागत. जुन्या वास्तूंचा आणि परगण्यांचा इतिहास लिहिणारा विल्यम डगडेल याच्या पुस्तकांत कितीतरी चित्रांखाली अमक्या सरदाराचं चिन्ह दिसतं, ते त्या पानाचा खर्च उचलल्याची पावती समजा.

न्यूटनची गोष्ट यात सगळ्यांत मजेशीर. रॉयल सोसायटीने १६८६ मध्ये फ्रान्सिस विलबीचा माशांवरचा भलामोठा सचित्र ग्रंथ छापला. तो खपला नाही आणि तिजोरी रिकामी झाली. 'प्रिन्सिपिया' छापायचं ठरलं तेव्हा सोसायटीकडे दमडी नव्हती, म्हणून एडमंड हॅलीने स्वतःच्या खिशातून खर्च केला. हॅली सोसायटीचा कारकून होता. त्याच्या ५० पौंड पगाराच्या जागी सोसायटीने त्याला काय द्यावं? त्याच माशांच्या पुस्तकाच्या ५० प्रती.

१०. एकाच पुस्तकाच्या, एकाच सालच्या दोन प्रतींत मजकूर वेगळा कसा?

कारण छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त होत, पण आधी निघालेले ताव फेकून देत नसत. कागद महाग, बहुतांशी फ्रान्सहून आलेला, चिंध्यांपासून बनवलेला. दुरुस्त आणि अदुरुस्त ताव एकत्र बांधले जात. त्यामुळे 'पहिली आवृत्ती' म्हणजे एकसारख्या प्रतींचा गठ्ठा अशी कल्पना डोक्यातून काढा.

१६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये रूथच्या पुस्तकात (३:१५) शहरात 'तो' गेला की 'ती' गेली यावरून प्रतींना 'ही' बायबल आणि 'शी' बायबल म्हणतात. १६३१ च्या एका बायबलात सातव्या आज्ञेतला 'नको' हा शब्दच गळला आणि 'व्यभिचार कर' अशी देवाज्ञा छापून गेली. बार्कर आणि लूकस या मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला.

उलट प्रकारही आहे. जुने न खपलेले ताव, वर नवं शीर्षकपान आणि नवं साल. 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' या शब्दांवर तेव्हाही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसे. एखादा उतारा उद्धृत करताना कुठल्या ग्रंथालयाची प्रत पाहिली ते नोंदवा.

११. गावांच्या आणि परगण्यांच्या जुन्या इतिहासांवर किती भरवसा ठेवायचा?

लेखकाने स्वतः पाहिलेल्यावर पुष्कळ, ऐकलेल्यावर कमी, आणि वंशावळींवर अगदी कमी, कारण वंशावळ वाचणारा सरदारच पुस्तक विकत घेणार असे.

हा प्रकार विल्यम लॅम्बार्डच्या केंट परगण्यावरच्या पुस्तकापासून (१५७६) रुजला. माझा आवडता लेखक मात्र जॉन स्टो. धंद्याने शिंपी. त्याने लंडनची गल्ली न गल्ली पायी तुडवून १५९८ मध्ये 'सर्व्हे ऑफ लंडन' छापलं. थ्रॉगमॉर्टन स्ट्रीटबद्दल सांगता सांगता तो घरची गोष्ट सांगतो. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला बाग वाढवायची होती. त्याने शेजाऱ्यांची कुंपणं न विचारता २२ फूट आत सरकवली. स्टोच्या वडिलांच्या जागेत एक घर उभं होतं. ते जमिनीपासून सुटं करून रुळांवर घातलं आणि २२ फूट ढकलून ठेवलं, मालकाला पत्ता नाही. भाडं मात्र पूर्वीइतकंच भरत राहावं लागलं. मंत्र्यापुढे बोलणार कोण? साठ वर्षांनी मुलाने छापून ठेवलं, फूट मोजून. अशा जागी मी स्टोवर पूर्ण विश्वास ठेवतो, आणि क्रॉमवेलबद्दल त्याचं मत जरा बाजूला ठेवतो.

काही पुस्तकं तर आता वास्तूचीच जागा घेऊन बसली आहेत. डगडेलने १६५८ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा इतिहास काढला, वेन्सेस्लाउस हॉलरच्या कोरीव चित्रांसकट. आठ वर्षांनी आगीत ते कॅथेड्रल गेलं. तळघरातल्या सेंट फेथ्स चर्चमध्ये पुस्तक विक्रेत्यांनी सुरक्षित म्हणून ठेवलेला मालही त्यात जळला.

१२. लेखकांत बायका होत्या का?

होत्या, मोजक्या. मार्गरेट कॅव्हेंडिश, न्यूकॅसलची डचेस, हिने १६६६ मध्ये प्रयोगनिष्ठ तत्त्वज्ञानावर टीकाग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शक भिंग वस्तूचं खरं रूप दाखवतं की विकृत, हा तिचा सवाल थेट हुकला होता. मे १६६७ मध्ये ती रॉयल सोसायटीत प्रयोग पाहायला गेली. पाहुणी म्हणून. स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९४५ साल लागलं.

१३. या सगळ्याचा महाराष्ट्र आणि गोव्याशी काही संबंध आहे का, की ओढूनताणून?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज. तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढच्याच महिन्यात त्याने वडिलांना प्रवासाचं लांबलचक पत्र लिहिलं. रिचर्ड हॅकल्युटने ते १५८९ मध्ये आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं. वारे, तारे, मासे सगळं त्यात आहे. इथे पिण्याला चांगलं पाणी किंवा माडाची आणि 'कोकोस' नावाच्या फळाची दारू मिळते, हेही तो घरच्यांना कळवतो. मराठीला पुष्पांत मोगरीचा मान देणाऱ्या माणसाचं पहिलं छापील लेखन हे असं इंग्रजीत सापडतं.

सुरतेच्या वखारीतला पाद्री हेन्री लॉर्ड याने वाणी आणि पारशी समाजांच्या धर्मांवर १६३० मध्ये पुस्तक छापलं. जॉन ओव्हिंग्टनच्या १६९६ च्या पुस्तकात मुंबईच्या हवेबद्दलची म्हण आहे: दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ च्या ग्रंथात मुंबई, जुन्नर, गोवा, कारवार आहेत आणि हेन्री ऑक्झिंडेनच्या रायगडावरच्या वकिलातीची हकिकतही आहे. शिवकालाचे अभ्यासक फ्रायर वाचतात, पण सहसा तेवढीच पानं. त्याच्या झाडापाल्याच्या आणि रोगांच्या नोंदी प्लॉटच्याच पठडीतल्या आहेत, हे पूर्ण पुस्तक वाचल्यावर लक्षात येतं.

१४. घरबसल्या फुकट कुठे वाचता येतील? आणि शोधखिडकीत शब्द टाकला की काहीच का येत नाही?

सुमारे ६० हजार पुस्तकांचा हाताने टंकलेला मजकूर 'ईबो-टीसीपी' या प्रकल्पाने खुला केला आहे. पहिली २५ हजार २०१५ मध्ये, उरलेली २०२० मध्ये. ज्या जागी अक्षर लागलं नाही तिथे ठळक टिंब दिसतं. तो मूळ पुस्तकातला विराम समजू नका. पानांची चित्रं हवी असतील तर इंटरनेट अर्काइव्ह, आणि निसर्गविषयक पुस्तकांसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी.

शोध फसतो तो स्पेलिंगमुळे. तेव्हा एकाच पानावर एक शब्द तीन तऱ्हांनी छापलेला सापडतो. 'यू-व्ही' आणि 'आय-जे' उलटून पाहा (प्रश्न ६), शेवटी जादा 'ई' लावून पाहा. पुस्तक नक्की ओळखायचं तर नावापेक्षा सूची क्रमांक भला: १६४० पर्यंत 'एसटीसी', १६४१ ते १७०० 'विंग'.

स्कॅनमध्ये एक गोष्ट हमखास राहते: घडीची पानं. हुकच्या पुस्तकातली पिसू उलगडली की दीड फुटाच्या आसपास भरते. स्कॅन करणाऱ्याने घडी उघडली नसेल तर तुम्हाला फक्त कागदाची पाठ दिसेल. चित्र नाही असं लिहिण्याआधी दुसरी प्रत बघा.

१५. घरात १६११ चं बायबल सापडलं आहे, खरं असेल का? आणि प्रश्न २ मधलं ते हाड शेवटी कुणाचं निघालं?

बायबल आधी. शीर्षकपानावर १६११ असलं तरी बहुतेक वेळा ती एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातली प्रतिकृती असते. एक पान उजेडासमोर धरा. जुन्या चिंध्यांच्या कागदात जाळीच्या रेघा आणि जलचिन्ह दिसतं. एकसंध गुळगुळीत कागद असेल तर ते १७५७ च्या आधीचं असणं जवळजवळ अशक्य. खरं असो वा नसो, सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका.

हाड डायनोसॉरचं होतं. १८२४ मध्ये विल्यम बकलंडने ऑक्सफर्डशरमधल्याच दुसऱ्या हाडांवरून मेगालोसॉरस हे नाव दिलं, आणि प्लॉटचं हाड बहुधा त्याच प्राण्याचं असावं असं आज मानतात. बहुधा, कारण हाड केव्हाच हरवलं. उरलं आहे ते प्लॉटने काढून घेतलेलं चित्र आणि त्याची मापं: दोन फूट, २० पौंड.